काडतूस आठवले, शिडी विसरलो

शाळेत सत्तावन्नचा धडा आला की गुरुजी एका जागी हमखास थांबत. गाईची चरबी आणि डुकराची चरबी. वर्गातल्या बाकी मुलांच्या वाट्याला गाय येई आणि आम्हा तीन-चार मुसलमान मुलांच्या वाट्याला डुक्कर. सगळा वर्ग आमच्याकडे वळून पाही. मग मंगल पांडे, मीरत, दिल्ली, बहादूरशहा जफर आणि रंगून. धडा संपे. काडतूस मात्र डोक्यात राही. आज इतक्या वर्षांनी कोणत्याही समारंभात सत्तावन्नचा विषय निघाला की वक्ता काडतुसापाशी येऊन थांबतोच.

ज्या बंदुकीचे ते काडतूस होते, तिचे नाव एनफिल्ड. १८५३ सालचा नमुना. या बंदुकीच्या नळीवर मागच्या बाजूला बोटभर लांबीची एक लोखंडी शिडी बसवलेली होती. एरवी ती नळीवर आडवी पडलेली असे, गरज पडली की उभी करायची. तिच्यावर आकडे कोरलेले होते आणि एक छोटी सरकपट्टी त्या आकड्यांवरून वरखाली होई. या शिडीबद्दल मला शाळेत कोणी सांगितले नाही, कॉलेजात सांगितले नाही आणि आमच्या जलशांतून तर नाहीच नाही. सत्तावन्नच्या रणांगणावर काय घडले, हे समजून घ्यायला मात्र काडतुसाइतकीच ती शिडीही समजून घ्यावी लागते.

मुसलमान माणसाने बंदुकीवर लेख लिहिला की भुवया उंचावतात, याची मला कल्पना आहे. मला बंदुकीचे कौतुक नाही. कौतुक आहे ते त्या शिडीमागच्या हिशोबाचे, आणि खंत आहे ती तो हिशोब आपल्या हातून कसा निसटला याची.

गोळी पडते

आधी हिशोब समजून घेऊ. तो अवघड नाही.

बंदुकीतून सुटलेली गोळी सरळ जाते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नळीच्या तोंडातून बाहेर पडताक्षणी ती खाली पडू लागते. झाडावरून पडणारा आंबा ज्या नियमाने पडतो, त्याच नियमाने. आंबा सरळ खाली येतो आणि गोळी पुढे धावता धावता पडते, एवढाच फरक. समजा गोळीचा वेग सेकंदाला हजार फूट आहे आणि हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला. शंभर यार्ड, म्हणजे तीनशे फूट, जायला तिला सेकंदाचे तीन दशांश लागतील. तेवढ्यात ती सुमारे दीड फूट खाली येईल. तीनशे यार्डांवर पोचेपर्यंत १३ फूट. सहाशे यार्डांवर ५२ फूट. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते. हवा गोळीचा वेग खाते, त्यामुळे खरी घसरण याहूनही जास्त असते.

आपली नजर मात्र पडत नाही. प्रकाश सरळ येतो. म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून निशाणापर्यंत एक सरळ रेघ आणि गोळीची वाट ही एक वाकडी रेघ. या दोन रेघा निशाणावर एकत्र आणायच्या, हाच सगळा प्रश्न. त्याला उत्तर एकच. नजर निशाणावर ठेवायची आणि नळीचे तोंड थोडे वर उचलायचे. किती वर? तीनशे यार्डांवर १३ फूट घसरण, म्हणजे ९०० फुटांना १३ फूट. बंदुकीची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात एक यार्डाचे अंतर धरले, तर मागची खाच साधारण अर्धा इंच उंच करायची. उंच केलेल्या खाचेतून माशी आणि निशाण एका ओळीत आणायला गेले की नळी आपोआप वर उचलली जाते.

ती अर्धा इंच उंची म्हणजेच एनफिल्डची शिडी. तिच्या पायाशी शंभर, दोनशे, तीनशे आणि चारशे यार्डांच्या पायऱ्या होत्या. त्याहून लांबचा मारा असेल तर शिडी उभी करायची आणि सरकपट्टी ९०० यार्डांपर्यंत, काही नमुन्यांत त्याच्याही पुढे न्यायची. शिपायाला गणित येण्याची गरज नव्हती. कोणीतरी आधीच ते करून लोखंडावर कोरून ठेवले होते. शिपायाने फक्त समोरचा माणूस किती लांब आहे, हे ओळखायचे.

अंदाज आणि हंदसा

ते गणित कोणी केले, याचा शोध घेत मागे गेले की आपल्या ओळखीची माणसे भेटतात. बसऱ्यात जन्मलेल्या आणि सुमारे १०४० साली कैरोत वारलेल्या इब्न अल-हैसमने ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे ग्रीकांच्या काळापासून अनेक जण मानत होते. वस्तूकडून निघालेला प्रकाश सरळ रेघेत डोळ्यात येतो, हे या माणसाने अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून मांडले. नेमाची सरळ रेघ ती हीच. त्याच्याच काळातला इब्न सीना फेकलेल्या वस्तूबद्दल विचार करत होता. हात सुटल्यावरही दगड पुढे का जातो? त्याच्यात एक ‘मैल’, म्हणजे ओढ, शिरलेली असते आणि अडथळा नसेल तर ती आपोआप संपणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्या मराठीतही याच्या खुणा आहेत. बंदूक, तोफ, बारूद, दुर्बीण, गोलंदाज, निशाण हे सारे शब्द अरबी, फारसी आणि तुर्कीतून आले. ‘काडतूस’ तेवढे पोर्तुगिजांचे. ‘अंदाज’ हा शब्द पाहा. फारसीत ‘अंदाजा’ म्हणजे माप. हाच शब्द अरबीत जाऊन ‘हंदसा’ झाला, म्हणजे भूमिती, आणि भूमिती जाणणारा तो ‘मुहंदिस’. अरब देशांत आजही इंजिनिअरला मुहंदिस म्हणतात. मराठीत आल्यावर मात्र अंदाज म्हणजे मोजमाप न करता बांधलेला आडाखा. एकाच घरातून निघालेल्या दोन भावांपैकी एक इंजिनिअर झाला आणि दुसरा अटकळी बांधत बसला.

इथे सावध राहायला हवे. आपल्या व्याख्यानांत एक रीत पडून गेली आहे: ‘हे सगळे मुळात आमचेच होते’ असे म्हणायचे आणि टाळ्या घ्यायच्या. इब्न अल-हैसमने दुर्बीण केली नाही. इब्न सीनाने तोफेच्या गोळ्याची वाट मोजली नाही. त्यांनी प्रश्न नीट विचारले आणि काही उत्तरांचा पाया घातला. त्यांची पुस्तके लॅटिनमध्ये गेली. ‘किताब अल-मनाझिर’ १५७२ साली बासेलला छापून निघाली. केप्लरसारख्यांनी ती परंपरा वाचली, तिच्यातल्या चुका काढल्या आणि पुढचे पाऊल टाकले. गोळ्याच्या वाटेचा कोणताही तुकडा पुरता सरळ नसतो, हे सोळाव्या शतकात इटलीच्या टार्टाग्लियाने लिहिले. हवा नसेल तर ती वाट कोणत्या आकाराची असेल, हे गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात सिद्ध केले. ज्ञान कोणाच्या बापाचे नसते. जो ते पुढे नेतो, त्याच्याकडे ते राहते.

या वाटेवरच्या आणखी एका माणसाचे नाव घ्यायला हवे, कारण त्याचा शेवट आपल्याच देशात झाला. बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती. १७४२ साली त्याने तोफविद्येवर एक पुस्तक लिहिले. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची, लंबक किती मागे सरकला ते मोजायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. हवेचा अडथळा लोक समजत होते त्याहून कितीतरी मोठा आहे, हे त्यातून उघड झाले. नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भरकटत नाही. जे राष्ट्र अशा बंदुका पुरत्या साधेल, त्याची फौज बाकीच्यांना भारी पडेल, असे भाकीत त्याने १७४७ साली केले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मुख्य इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आणले. १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला. ज्या भूमीत त्याला मूठमाती मिळाली, त्याच भूमीवर शंभर वर्षांनी त्याचे भाकीत खरे झाले.

पानिपतावरचे गोळे

रॉबिन्सला जाऊन दहा वर्षे झाली नव्हती तोच पानिपत घडले. मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीच्या हाताखाली होता. निजामाच्या मुलखात फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तो कवायती युद्ध शिकला होता. भाऊसाहेबांची नोकरी त्याने शेवटपर्यंत इमानाने केली आणि पराभवानंतर कैदेत प्राण दिला. आपल्या इतिहासातले हे नाव आपण अभिमानाने घेतो आणि घ्यायलाच हवे.

पण १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईबद्दल काशीराज पंडिताने लिहून ठेवलेली एक गोष्ट आपण वाचत नाही. काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि लढाई त्याने समोरून पाहिली. तो सांगतो की मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड होत्या. त्यांच्या तोंडाची उंची चटकन बदलता येत नसे. दोन्ही फौजा जवळ येऊ लागल्या तसे त्यांचे गोळे समोरच्या फौजेच्या डोक्यावरून जाऊन मागे लांब पडू लागले. पानिपताच्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत. उपासमार होती, एकटे पडलेली छावणी होती, विश्वासराव पडल्यावरचा गोंधळ होता. त्यात हेही एक होते: अंतर बदलले आणि तोफेचे तोंड त्याबरोबर बदलता आले नाही. गारद्यांच्या शौर्यात काही कमी नव्हते. उणीव होती ती वेळेवर तोंड खाली करण्याच्या सोयीची.

चरबी आणि शिडी

आता एनफिल्डकडे येऊ. तिच्या आधी शिपायांच्या हातात जी बंदूक होती, तिची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी गोल आणि नळीपेक्षा थोडी लहान, म्हणजे वरून सहज आत जाई. पण ती नळीत आपटत आपटत बाहेर पडे आणि शंभर यार्डांच्या पलीकडे एका माणसाला नेमकी लागली तर नशीब समजायचे. अशा बंदुकीला शिडी लावून काय उपयोग? ती कुठे जाणार हेच माहीत नसेल, तर किती पडणार याचा हिशोब कोण करील?

एनफिल्डची गोळी लांबट होती आणि मागून पोकळ. बार उडाला की तिची मागची बाजू फुगून नळीतल्या पिळाच्या खाचांत घट्ट बसे आणि गोळी फिरत बाहेर पडे. म्हणून ती लांब जाई, आणि दर वेळी जवळजवळ एकाच वाटेने जाई. वाट एकच असेल तर ती मोजता येते आणि शिडीवर कोरताही येते. पण असली गोळी नळीत बेताने बसणारी असावी लागते. ती गजाने खाली ठोसताना अडकू नये आणि जळलेल्या दारूच्या काजळीने नळी तुंबू नये, म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण हवे. काडतूस दाताने फाडून दारू ओतायची रीत जुनीच होती. आता त्या कागदाला चरबी आली.

गोष्ट इथेच गुंतलेली आहे. चरबी आणि शिडी ही एकाच गोळीची दोन टोके होती. गोळी बेताची झाली म्हणून वंगण लागले, आणि गोळी बेताची झाली म्हणूनच शिडी चालली. आपल्या शिपायांपुढे त्यातले पहिले टोक आले. दुसरे त्यांच्या हाती नीट पोचलेच नाही.

शिपायांचा नकार हा अडाणीपणा होता, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चरबी कोणत्या जनावराची आहे, याची खात्री कंपनी सरकारने करून घेतलेली नव्हती, हे त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या जबाबांतून बाहेर आले. मुलूख खालसा होत होते, भत्ते कापले जात होते, मिशनऱ्यांच्या वावराने संशय वाढला होता. जिथे विश्वासच उरला नव्हता, तिथे तोंडात काय घालायचे याची शंका रास्त होती. मीरतच्या तिसऱ्या घोडदळातल्या ८५ जणांनी नाकारलेली काडतुसे तर एनफिल्डची नव्हतीच, जुन्याच बंदुकांची होती. तरी त्यांच्यापैकी बहुतेकांनी दहा-दहा वर्षांच्या सजा पत्करल्या. इमान विकले नाही. त्यांच्याबद्दल लिहिताना माझी मान आदराने झुकते.

पण नकाराची किंमत रणांगणावर मोजावी लागली, हेही तितकेच खरे. १८५७ च्या सुरुवातीला दमदम, अंबाला आणि सियालकोट इथे नवी बंदूक शिकवण्याची केंद्रे उघडली होती. प्रत्येक पलटणीतून थोडी माणसे तिथे पाठवली जात. इंग्लंडात हाइथ इथे १८५३ पासून याची शाळाच होती आणि तिथे अंतर ओळखायची वेगळी कवायत घेत. इतक्या यार्डांवर माणसाचा चेहरा दिसतो, तितक्या यार्डांवर नुसता आकार, असे डोळ्याला वळण लावत. ते वळण लागणे भागच होते. सहाशे यार्डांवर अंतराचा अंदाज पन्नास यार्डांनी चुकला, तर गोळी चार-एक फूट वर किंवा खाली जाते. म्हणजे माणूस वाचतो. नुसती शिडी असून भागत नाही, अंदाजाला हंदसाची जोड लागते. आपल्या बहुतेक पलटणी या शिक्षणापर्यंत पोचण्याआधीच उठल्या. उठताना त्यांच्या हातात होत्या त्या गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुका.

फतेहपूरची सकाळ

नानासाहेब पेशव्यांचा वकील अझीमुल्लाखान याचे चरित्र आपल्या मंडळींना प्रिय आहे. पेशव्यांच्या पेन्शनीसाठी तो लंडनला गेला, हात हलवत परतला आणि परतताना १८५५ साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर जाऊन आला. इंग्रज आणि फ्रेंच या दोघांना मागे रेटणारे रशियन ‘रुस्तुम’ पाहायची त्याला इच्छा होती, असे ‘टाइम्स’चा बातमीदार रसेल याने लिहून ठेवले आहे. अझीमुल्लाला तिथे इंग्रजांची दैना दिसली आणि त्यांना हरवता येते, हा धडा तो घेऊन आला. धडा खोटा नव्हता. पण त्याच युद्धात आदल्या वर्षी, आल्मा आणि इंकरमनच्या लढायांत, लांब पल्ल्याच्या नव्या बंदुकांनी रशियन पायदळाची फळी त्याची गोळी पोचण्याआधीच विस्कटली होती. सेबास्तोपोलच्या वेढ्यात थंडीने आणि रोगराईने खंगलेली फौज पाहणाऱ्याच्या डोळ्यांत हा दुसरा धडा भरणे कठीण होते.

दोन वर्षांनी, १२ जुलै १८५७ रोजी, फतेहपूरला नानासाहेबांची फौज जनरल हॅवलॉकच्या समोर उभी राहिली. हॅवलॉकच्या गोऱ्या शिपायांकडे एनफिल्ड होत्या. आपली बंदूक पोचणार नाही अशा अंतरावर समोरचे लोक थांबले आणि तिथून गोळ्या येऊ लागल्या. अनपेक्षित अंतरावरून आलेल्या त्या माऱ्याने शत्रू हादरला, असे हॅवलॉकने आपल्या खलित्यात लिहिले. लढाईचा निकाल थोड्याच वेळात लागला. विजयानंतर फौजेला दिलेल्या संदेशात त्याने यशाचे श्रेय चार गोष्टींना दिले: तोफखाना, एनफिल्ड रायफल, ब्रिटिश शिपायाची हिंमत आणि परमेश्वराची कृपा. हॅवलॉक मोठा धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता. तरी परमेश्वराच्या आधी त्याने रायफलीचे नाव घेतले, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

सत्तावन्न फक्त रायफलीने हरले, असे कोणी समजू नये. तारायंत्र होते, पंजाबातून आलेली कुमक होती, संस्थानिकांची साथ होती, आणि आपल्या बाजूला एकसूत्री नेतृत्व नव्हते. आपल्या माणसांना हे तंत्र जमत नव्हते, असाही त्याचा अर्थ नाही. दिल्लीच्या तटावरच्या तोफा चालवणारे देशी गोलंदाज कंपनीच्याच तोफखान्यात शिकलेले होते आणि त्यांचे नेम किती अचूक लागतात, हे वेढा घालून बसलेल्या इंग्रजांनीच नोंदवले आहे. तोफ शिकवली तिथे ते शिकले. शिडी शिकवण्याआधीच फाटाफूट झाली.

मुंबईतही त्याचे पडसाद उमटले. सरकारविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. एक मुसलमान, एक हिंदू. त्या मैदानाचाच एक भाग आज आझाद मैदान आहे. मोर्चाच्या निमित्ताने तिथे उभे राहिले की मला ते दोघे आठवतात. तोफेच्या तोंडाला बांधलेल्या माणसासाठी नेम लागत नाही, शिडी लागत नाही. अंतरच उरलेले नसते.

शिडी काढून घेतली

याच्यापुढची हकिकत मला काडतुसाच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. पाठ्यपुस्तकांत ती सापडत नाही.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांना कोणते हत्यार द्यायचे, याचा विचार केला. तोफखाना त्यांच्याकडून जवळजवळ पूर्ण काढून घेतला, थोड्या डोंगरी तोफा तेवढ्या ठेवल्या. आणि पायदळासाठी एक नवीच बंदूक काढली. १८५८ चा नमुना. दिसायला हुबेहूब एनफिल्ड. पण आतून नळी गुळगुळीत, पिळाच्या खाचा नाहीत. आणि वर शिडी नाही. तिच्या जागी एक ठोकळा, न हलणारा. त्याला वर सरकवायला जागाच नव्हती.

काडतुसाच्या वंगणाचा प्रश्न एव्हाना मिटला होता. मेण आणि तेल चालत होते. धर्म बुडण्याची भीती उरली नव्हती. पण शिपायाच्या हातून हिशोब काढून घेतला होता. त्याने लांबचे मोजू नये, लांबचे पाहू नये, एवढीच ती व्यवस्था. पुढे रायफली दिल्या तेव्हाही एक पिढी मागच्या. गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री असे तेव्हा हिंदी पलटणीकडे जुनी स्नायडर. ज्याला आपण दाबून ठेवतो, त्याला कोणती गोष्ट शिकू द्यायची नाही, हे राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक असते. शिपायांना चरबीची भीती होती. इंग्रजांना भीती होती शिडीची.

शिडी नळीत शिरली

त्याच सुमारास शिडीची पुढची पिढी आकाराला येत होती. कंपनीच्या मुंबई फौजेत नोकरी केलेल्या डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८६२ साली बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीचे पेटंट घेतले. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलीवर ती वापरली. त्या काळच्या अशा दुर्बिणींत अख्खी नळीच मागून वरखाली करत. काम शिडीचेच, फक्त खाचेच्या जागी दुर्बीण.

विसाव्या शतकात ही हालचाल दुर्बिणीच्या पोटात गेली. दुर्बिणीत दोन बारीक तारा एकमेकींना छेदतात. ही युक्ती विल्यम गॅस्कॉइन नावाच्या तरुण इंग्रजाने आकाश पाहण्यासाठी १६४० च्या आसपास काढली होती. तो १६४४ साली त्यांच्या यादवी युद्धात मारला गेला. बंदुकीच्या दुर्बिणीवर एक गोल चकती असते. ती फिरवली की आत नेमाचा बिंदू किंचित सरकतो. मग तारांचा छेद पुन्हा निशाणावर आणायला नेमबाजाला नळी तेवढी वर उचलावी लागते. गोळी चकतीने वर जात नाही, नळी वर झाल्याने जाते. शिडीचाच हा नियम.

फरक बारकाव्याचा आहे. चकती ‘टक टक’ असा आवाज करत फिरते. बऱ्याच दुर्बिणींत एक टक म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा चौथा हिस्सा. शंभर यार्डांवर तो सुमारे पाव इंच भरतो. अंशाच्या साठाव्या भागाला संस्कृतात ‘कला’ म्हणतात आणि अरबीत ‘दकीका’. तारे मोजताना आपल्या मुनज्जिमांनी हेच माप वापरले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत पी.यू. दुर्बिणीच्या चकतीवर तर १ ते १३ असे आकडेच कोरलेले असत. एक म्हणजे शंभर मीटर, तेरा म्हणजे तेराशे. एनफिल्डची शिडी गुंडाळून तिची चकती केली, एवढेच. ऑलिम्पिकच्या रेंजवर नेम धरणाऱ्या मुलीही अशाच टकटकी मोजतात. त्यांची दर्शके साधी असतात, काचेशिवायची, पण हिशोब तोच.

शेवटचा शब्द

लेख संपवताना एक शब्द उरला आहे. ‘शिस्त’. फारसी ‘शस्त’ म्हणजे अंगठा, धनुष्य ओढताना अंगठ्यात घालायची अंगठी, आणि त्यावरून नेम. उर्दूत ‘शिस्त बांधना’ म्हणजे नेम धरणे. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. मग हळूहळू शिस्त म्हणजे रांगेत उभे राहणे आणि वर्गात गप्प बसणे, एवढेच आपण लक्षात ठेवले. नेम मागे पडला.

सत्तावन्नच्या शिपायांकडे इमान होते. त्याचा हिशोब त्यांनी प्राण देऊन चुकता केला आणि त्यात आपण एक पैही कमी करू नये. पण ज्या समाजाला काडतूस आठवते आणि शिडी आठवत नाही, तो पुढच्या वेळीही काय तोंडात घ्यायचे नाही यावर एकमताने उठेल आणि किती लांबून मार येतो आहे हे त्याला कळणार नाही. आज तो मार बंदुकीचा नसतो. तो शिक्षणाचा असतो, नोकरीचा असतो, आकड्यांचा असतो. सच्चर समितीने २००६ साली आपल्या समाजाचे आकडे देशापुढे ठेवले. आपण त्यावर सभा पुष्कळ घेतल्या. किती मोहल्ल्यांत ते आकडे घेऊन कोणी मुलांना बसवले?

इब्न अल-हैसम आपला होता, असे सांगून भागणार नाही. त्याने अंधाऱ्या खोलीत बसून मोजले होते. आपल्या घरातली एखादी मुलगी गणितात अडली असेल, तर तिच्याशेजारी तासभर बसणे, ही त्याची खरी आठवण. १८५८ साली आपल्या हातून काढून घेतलेली शिडी आता कोणी अडवलेली नाही. पण ती शिकल्याशिवाय हाती येत नाही.